कुंकवाचा फर्मा

बिराप्पानं प्रूफ ओढलं, ओल्या शाईला बोट लागू नये म्हणून कागद दोन टोकांना धरून माझ्यापुढे आणला आणि म्हणाला, "बघा पेंटर, समद्या रंडक्याच की वो!" आणि आपल्याच विनोदावर फिदीफिदी हसला. बिराप्पा आमच्या प्रेसचा मशिनमन, जतकडचा, निम्मं कानडी बोलतो. मनानं वाईट नाही, पण तोंडाला फाटक नाही. मी कागद घेऊन खिडकीशी गेलो. पानभर बायका उभ्या होत्या. ओळीनं, डोक्यावर पदर, हात खाली सोडलेले, आणि एकीच्याही कपाळावर काही नाही. नसणारच. पान दोन रंगांत छापायचं होतं. आधी काळ्या शाईत बायका, मग त्याच कागदावर लाल शाईत नुसती कुंकवं. आणि लाल शाईचा डबा काही येत नव्हता. लढाई संपून वर्ष उलटून गेलं तरी पुण्याचा व्यापारी आज देतो, उद्या देतो करत होता. म्हणजे यात दचकण्यासारखं काडीचंही नव्हतं, रोजचा धंदा. प्रेसवाल्याला अर्धवट छापलेला कागद अर्धवट दिसतच नाही. पुढचा रंग तो मनातच भरून घेतो. मीही घेतला होता. पण बिराप्पा बोलला आणि भरलेला रंग एकदम उतरला. त्या बायकांच्या एका ओळीत माझी वैनी होती. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून मी खिडकीशी थांबून राहिलो. खाली पेठेत हळदीची पोती लादलेल्या गाड्या अडकल्या होत्या, गाडीवान एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. मला काही वाटलं नाही. भूक लागली होती, एवढंच.

काम साताऱ्याचं होतं. लढाईवर गेलेल्यांच्या मागं घरी काय चाललंय, याची चौकशी तिथल्या एका सेवाभावी समितीनं गावोगाव हिंडून केली होती, आणि त्या चौकशीचा अहवाल सांगलीत आमच्याकडे छापायला आला होता. समितीचे चिटणीस मानसिंगराव, निवृत्त शाळा-तपासनीस. बोलताना समोरच्याचा गृहपाठ तपासतायत असं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आमचा मागचा अहवाल पाहिलात?" पाहिला होता, चिरमुऱ्यांच्या पुडीला. मी टेबलावरचे कागद आवरायला लागलो. "बोला की. मी स्वतः त्यात चिरमुरे खाल्लेत, अर्जुनराव! पोरांनी पायाचे तुकडे पाडून माहिती आणली आणि एका माणसानं वाचली नाही. का? आत शिरायला वाटच नाही. जंगल नुसतं! या वेळी मला असं पुस्तक पाहिजे, की देणगी देणाऱ्यानं कुठंही उघडलं तरी आपण कुठं आहोत ते त्याला कळावं. आणि जिला अक्षर येत नाही, त्या बाईलाही आपलं पान सापडावं." म्हातारा खवट, पण मला त्याचं बोलणं पटलं. असं काम आयुष्यात एकदाच येतं. मी जिवापाड केलं. एका तालुक्याला दोन समोरासमोरची पानं, डावीकडं चित्र, उजवीकडं मजकूर. वर एकच ओळ, घाईतल्या माणसानं तेवढी वाचून पुढं जावं म्हणून. पानांच्या बाहेरच्या कडेला पायऱ्या कापून प्रत्येकीवर तालुक्याचं नाव, म्हणजे अंगठा ठेवला की पान उघडलं. आकड्यांच्या जागी बायका. एक बाई काढली, तिचे जस्ताचे ठसे पुण्याहून करून आणले. एक ठसा म्हणजे दहा बायका. नवरा हयात, तर कपाळाला लाल टिकली. नवरा गेलेला, तर कपाळ मोकळं. टिकलीसाठी इंग्रजी अक्षरांच्या खणातला सगळ्यात जाड टिंबाचा शिशाचा खिळा वापरला. मानसिंगरावांनी बाईचं चित्र चष्मा वर सारून बघितलं आणि म्हणाले, "छान. हिला चेहरा नाही, हे फार छान. प्रत्येकीला आपलाच वाटेल." मी हो म्हणालो. चेहरा मी ठरवून गाळला नव्हता. काढायला गेलो की येत नव्हता, मग सोडून दिला.

दादाचाही येत नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जोतिबा. चित्रं काढायला मला त्यानं लावलं. उंब्रजला आमच्या गुऱ्हाळाची एक भिंत होती, धुरानं काळी झालेली. दादा तिच्यावर मला खडूनं बैल काढायला लावायचा आणि काढून झाला की लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचा. "पाय लाकडाचं झाल्यात रं. बैल हाय का पलंग?" त्याच्या अंगाला काकवीचा आणि चिपाडाच्या धुराचा वास यायचा. त्याचा हात आठवतो, मनगटावरची भाजल्याची खूण आठवते, वास तर आत्ता शाईच्या वासातूनही येतो. चेहऱ्यावर आलो की कोरा कागद. तो पलटणीत गेला तेव्हा लग्नाला जेमतेम एक सुगी झाली होती. सिंगापूर पडलं तेव्हा तो तिथं होता. पुढचं कुणाला ठाऊक नाही. लढाई संपल्यावर जी पोरं परत आली त्यांतला एक म्हणाला, कैदेत ताप भरला होता तेव्हा बघितलं. दुसरा म्हणाला, छे, तापातून उठला होता, माझ्याशी तंबाखूवरनं भांडला. तिसरा म्हणाला, तो जोतिबा वेगळा. सरकारनं आधी बेपत्ता म्हणून कळवलं, मग मृत समजावे म्हणून. आबा, आमचे वडील, तालुक्याच्या माणसावर ओरडले, "समजावं म्हंजी? सरकारला काय समजायचं ते समजू दे. आमी न्हाई समजत!" त्यावर गावात कुणी बोललं नाही आणि वैनीचं कुंकू राहिलं. मला सांगलीला कळलं तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची वेलबुट्टी जुळवत होतो. ती पुरी केली. हात धुतले. संध्याकाळी माधवनगरच्या खोलीवर गेलो, गिरणीच्या भोंग्याला घड्याळ लावलं, भाकरी खाल्ली, झोपलो. झोप चांगली लागली. तेव्हापासून मी वाट बघतोय, आपल्याला वाईट कधी वाटणार. लोक म्हणतात, अर्जुना घट्ट काळजाचा. घट्ट कसलं डोंबल! पायाला मुंग्या आल्या की पाय आपला नसतो ना, तसं आहे ते. फक्त पुढच्या टोचण्या काही सुरू होत नाहीत.

भांडण झालं ते बेपत्ता माणसांच्या बायकांवरून. त्यांची ओळ वेगळी, तिच्याखाली तसं नाव, इथवर ठीक. पण त्या ओळीत बाई कुठली उभी करायची? लाल टिकलीची की मोकळ्या कपाळाची? मी तिसरी खूण काढून नेली होती, टिकलीच्या जागी पोकळ गोल. मानसिंगरावांनी ती बघितली आणि मानच हलवली. "दोन खुणा माणूस लक्षात ठेवतो. तिसरी आली की तो पान उलटून 'हे काय होतं बुवा' म्हणून मागं जातो, आणि एकदा मागं गेला की चिरमुरे खातो. दोनच. आणि सरकारच मृत समजतंय, तर मोकळं कपाळ." मी म्हणालो, "लाल." "का?" मला कारण सांगता येईना. मी नुसता टेबलाकडं बघत पुन्हा म्हणालो, "लाल." घरचं काही मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "असं करा. तुमचं गाव उंब्रज ना? हे पान तिथल्या बायकांना दाखवून आणा. कुणी वाचून न दाखवता त्यांना कळतंय का बघा, आणि हेही त्यांनाच विचारा. त्या म्हणतील ते. शेवटी कपाळं त्यांची आहेत." मला जिंकल्यासारखं वाटलं. उंब्रजला बेपत्ता माणसाची बायको एकच होती, आणि ती काय म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

लाल शाईची वाट न बघता मी ते काळं प्रूफच गुंडाळून रविवारी निघालो. बिराप्पाच्या विनोदानंतरही डोक्यात आलं नाही, की प्रेसच्या बाहेर पुढचा रंग कुणाला दिसत नसतो. मिरजेहून कऱ्हाडपर्यंत गाडी, तिथून सर्व्हिस मोटार. मोटारीत सगळा रस्ता गुळाचा वास. संक्रांत नुकतीच झालेली, ऊस तोडून मोकळी झालेली रानं मधूनमधून दिसत होती. आपण दादाच्या बाजूनं काहीतरी करायला चाललोय, असं मनाला सांगून बघितलं. मन हं म्हणालं. घरी सोप्यात बाया जमल्या होत्या, कारण आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, अर्जुनानं बायांचं पुस्तक काढलंय म्हणून. शेजारची हरणाबाई पुढं सरकली. तिचा नवरा अंबाल्याला छावणीत धडधाकट, दिवाळीला येऊन गेलेला. मी कागद उलगडून सतरंजीवर पसरला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "सांगा, काय दिसतंय?" हरणाबाई वाकली, एका ओळीवरनं बोट फिरवत गेली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि तिचा हात तोंडावर गेला. "आगं बया! समद्यांचंच गेलं? आमचं धनी बी? आवं, दिवाळीला तर आलं हुतं!" आणि तिनं जो गळा काढला, तो ऐकून बाकीच्याही उठल्या. कुणी कागद ओढतंय, कुणी माझी बाही ओढतंय. "लाल यायचंय!" मी ओरडलो. "ह्याच्यावर लाल यायचंय अजून!" "यायचंय म्हंजी कवा?" हरणाबाई रडत विचारत होती. आबा काठी टेकत उठले. "मुडद्या, ह्ये दावायला आलायस व्हय रं सांगलीहून? सणासुदीच्या दिसांत?" एकटी धोंडुबाई तेवढी बसून होती. तिचा नवरा लढाईच्या पहिल्याच साली गेला. ती मान वाकडी करून कागद बघत होती. "मी ही," ती म्हणाली, "मोकळ्या कपाळाची. हिला लाल याचं न्हाई न्हवं?" "नाही," मी म्हणालो. "मग माझं पान झालंच की पुरं," ती म्हणाली आणि पदर सारखा करून उठली. म्हणजे पान कळत होतं. वाचून न दाखवता, लांबूनसुद्धा कळत होतं. मानसिंगरावांना हे सांगायला हवं, असं मी त्या गोंधळात मनात टिपून ठेवलं. मी असा.

वैनी सोप्यात नव्हती. आमची मनुबाई वैनी कधीच गर्दीत पुढं नसते. परड्यात तुळशीमागं बसून ती जोंधळं पाखडत होती. आरडाओरडा तिनं ऐकला असणारच, पण सुपाचा आवाज थांबला नव्हता. मी चुरगळलेला कागद घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि कागद मांडीवर घेतला. "ह्यात मी कुठली?" मी ओळ दाखवली. "हिला लाल लावायचं का न्हाई, त्ये ठरायचंय," मी म्हणालो. गावात आलो की माझी भाषाही गावची होते. "आमचं चिटणीस म्हणत्यात नको. मी म्हणतो लावायचं. त्ये म्हणालं, बायांस्नी इचारून या." वैनी त्या बाईकडं बघत राहिली. "भावजी," ती म्हणाली, "ही बरी दिसती." "कोण?" "हीच. अशीच. लाल नका लावू हिला." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती खाली बघूनच बोलत होती, दळण कांडण सांगावं इतक्या साध्या आवाजात. "संक्रांतीला हरणाबाईनं ओटी भराय हात फुडं केला न् मधीच थांबली. माझ्या कपाळाकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं, मग भरली. दर सणाला असंच. तांदूळ पदरात पडूस्तवर माझा जीव घशात. धोंडुबाईच्या दारात रडून झालंय, तिला कुणी इचारत न्हाई. मला रडाय बी येईना. कुणाच्या नावानं रडू? सकाळी कपाळाला मेण लावती, कुंकू दाबती, आरशात बघती, न् वाटतं ही बाई खोटं बोलती. लय दिस झालं भावजी. मला अशीच ऱ्हाऊ द्या."

मी तापलो. तापलो म्हणजे आवाज चढवला. आत काही तापलं नव्हतं. "म्हंजी दादा मेला म्हणता तुमी?" "मी कुटं म्हणती मेलं? मी म्हणती, मी दमली." परड्यातला कोंबडा उगीच आमच्याभोवती फिरत होता. लाल टिकलीसाठी मी एवढा अडून बसलो होतो तो वैनीसाठी, असं मी धरून चाललो होतो. वैनी तर सुटायला बघत होती. मग कुणासाठी? माझ्यासाठी. वैनीच्या कपाळावर कुंकू आहे तोवर मला रडायची गरज नव्हती. माझी सोय होती ती. रोज सकाळी ती मेण लावणार, कुंकू दाबणार, आणि सांगलीत मी निवांत झोपणार. हे मला स्वच्छ कळलं, आणि लाज वाटायला हवी होती तिथं फक्त कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "बरं," मी म्हणालो. "तसंच करू. ह्या वळीत कुणालाच लाल न्हाई." "कुणालाच म्हंजी?" "ही बाई एकट्या तुमी न्हाई, वैनी. एक बाई म्हंजी दहा बाया. पान आटपशीर व्हावं म्हणून." "एका लुगड्यात धा?" वैनी हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होतो. "आन् बाकीच्या नऊ कुठल्या?" "असतील कुठल्या कुठल्या. कुणी कऱ्हाडची, कुणी नदीपल्याडची. आन् हिच्या शेजारी उभ्या हायत त्यात बी धा-धा." तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं बोट त्या बाईच्या मोकळ्या कपाळावर ठेवलं. "त्यांनी सांगितलंय व्हय, पुसा म्हणून?" "त्यांस्नी कुणी इचारलंच न्हाई." "त्यातली एकांदी वाट बघत आसंल की. खरीखुरी. पायरव झाला की उठत आसंल." वैनीनं कागदाच्या सुरकुत्या तळहातानं सारख्या केल्या, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मग लावा लाल. माझ्यापायी त्यांचं कशाला पुसायचं?" तिच्या कपाळावरचं कोरडं कुंकू थोडं नाकावर झडलं होतं. तिनं ते बोटानं चाचपलं, जागच्या जागी दाबून बसवलं आणि सूप उचललं. "जेवून जावा," ती म्हणाली. "वांग्याचं कालवण हाय."

मानसिंगरावांना मी एवढंच सांगितलं, बायका लाल म्हणाल्या. "झालं तर मग," ते म्हणाले आणि तो विषय मिटला. वैनीनं आधी काय मागितलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही, आबांनाही नाही. लाल शाईचा डबा आला तो फाल्गुन लागल्यावर. मी टिकल्यांचा फर्मा बांधायला घेतला. फर्मा म्हणजे लोखंडी चौकटीत खिळे आवळून बसवलेलं पान, ज्यावरनं छापायचं ते. एरवी तो अक्षरांनी खच्चून भरलेला असतो. हा वेगळाच. सगळीकडं सपाट शिसं, आणि मोजून जिथं कपाळं येणार तेवढ्याच जागी टिंबं. बेपत्ता ओळीशी आलो तेव्हा हात थबकेल असं वाटलं होतं. थबकला नाही. एकेक टिंब चिमट्यानं उचललं, बसवलं, वर ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकून सारखं केलं. बिराप्पानं रुळावर शाई घोळवली. खरे कागद वाया जाऊ नयेत म्हणून पहिला हात तो नेहमी कोऱ्या रद्दीवर काढतो. मशिन एकदा उघडलं, मिटलं. त्यानं कागद दोन टोकांना धरून माझ्यापुढे आणला. "घ्या पेंटर. कुंकवं तयार, आता बाया आणा!"

मी कागद खिडकीशी नेला. पांढऱ्या कागदावर नुसती कुंकवं होती. ओली, चकचकीत, ओळीनं. खाली कपाळ नाही, पदर नाही, कुठली ओळ कुणाची ते सांगणारं नाव नाही. हरणाबाईचं कुठलं, ज्यांचे नवरे काल सुट्टीवर येऊन गेले त्यांची कुठली, कऱ्हाडची ती वाट बघणारी कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. तो फर्मा मी बांधला होता, टिंबन् टिंब माझ्या हातानं बसवलेलं. मी वैनीचं कुंकू शोधायला लागलो आणि मला ते सापडेना. वरनं मोजलं, खालनं मोजलं. सगळी सारखीच लाल. यातल्या एकाखाली ती दमलेली बाई उभी होती, आणखी नऊ जणींना आपल्यामागं घेऊन, आणि मी तिच्यासाठी एक टिंबसुद्धा काढू शकत नव्हतो. दादा मेला, असं मी म्हणालो. मोठ्यानं नाही, पण ओठ हलले. हे मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. आणि मग त्या भिंतीपासून लांब उभा राहून डोळे बारीक करणारा त्याचा चेहरा, घाम, वाढलेली दाढी, एक दात किंचित पुढं, सगळा एकदम समोर आला, आणि मी खिडकीखाली भिंतीला टेकून बसलो. "काय झालं वो?" बिराप्पा धावत आला. "शाईचा वास चढला काय? बसा, पाणी आणतो." मी मान हलवली. नाक बाहीनं पुसलं. तो खाली बसून माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि या खेपेला त्याला विनोद सुचला नाही. त्यानं हळूच विचारलं, "मग, खरं कागद घेऊ? का ऱ्हाऊ दे आज?"

"घे," मी म्हणालो. "सगळी कुंकवं लाव."